गर्दीतली एक पेशी

पोरांनो, आजची गोष्ट आपल्या शिरवळातूनच सुरू करू. नीरेचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा मागे पडतो, सातारा जिल्हा लागतो आणि लागलीच आपलं गाव येतं. इथलं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्ही येता-जाता बघता. आता समजा, एखाद्याने चांगल्या जातीची कुत्री डॉक्टरांकडे आणली. ‘हिला नर कधी दाखवायचा?’ एवढाच त्याचा प्रश्न. कुत्री वर्षातून एक-दोनदाच माजावर येते आणि त्यातही गर्भ राहण्याचे दिवस मोजके. बाहेरून बघून ते नेमके सांगता येत नाहीत. मग डॉक्टर काडीला गुंडाळलेला ओला कापूस तिच्या योनिमार्गात हलकेच फिरवतात, तो काचपट्टीवर लोळवतात, पट्टी वाळवून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात.

माज नुकताच सुरू झाला असेल तर गोल, ठसठशीत केंद्रकाच्या पेशी दिसतात आणि सोबत रक्तातल्या तांबड्या पेशी. पुढं दिवसागणिक त्या गोल पेशी पसरट होत जातात. कडा कोनेदार होतात, केंद्रक आक्रसून ठिपक्याएवढं उरतं नाहीतर दिसेनासंच होतं. सगळी पट्टी अशा कोनेदार पेशींनी भरली की दिवस आला समजायचं. पुढं काही दिवसांत गोल पेशी परत येतात. कुत्रीच्या रक्तात कोणतं संप्रेरक कधी चढलं, कधी उतरलं, ते आतल्या अस्तरावरून गळून पडलेल्या पेशी सांगतात. पशुवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे शिकावं लागतं. आणि अशाच एका साध्या तपासणीतून पुढं बायकांचा जीव वाचवणारी एक विद्या जन्माला आली.

गोष्ट आहे जॉर्ज पापानिकोलाऊ नावाच्या ग्रीक डॉक्टरची. जन्म १८८३ चा, समुद्रकाठच्या कीमी गावातला. अथेन्सला डॉक्टर झाला, जर्मनीत पीएच.डी. केली आणि १९१३ मध्ये बायकोला घेऊन न्यूयॉर्कला गेला. जवळ पैसा नाही, इंग्रजी धड येत नाही. बायको अँड्रोमाकी एका मोठ्या दुकानात शिवणकामाला लागली. पुढं त्याला कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम मिळालं. काम गिनीपिगवरचं. त्याला गिनीपिगची बीजांडं हवी होती, तीही अंडाशयातून सुटायच्या ऐन वेळची. ती वेळ कळणार कशी? अंदाजाने मादी मारायची आणि बहुतेक वेळा हात हलवत बसायचं. त्याच्या मनात आलं, बायकांना पाळी येते तर ह्या मादीलाही आतून काही ना काही स्राव होत असणार, भले तो डोळ्यांना दिसो न दिसो. नाक तपासायचं छोटं उपकरण घेऊन त्याने तिचा योनिमार्ग उघडून बघितला, थोडा स्राव काचेवर घेतला. त्यात पेशींचे थवेच्या थवे होते आणि दिवसागणिक त्यांचं रूप ठरावीक क्रमाने पालटत होतं. १९१७ साली त्याने हे छापलं. एकही मादी न मारता तिच्या पोटातली वेळ कळू लागली.

मग प्रश्न आला माणसांचा. रोजच्या रोज असा नमुना द्यायला कोण तयार होणार? अँड्रोमाकी झाली. वर्षानुवर्षं. नवऱ्याच्या प्रयोगशाळेत ती बिनपगारी राबत होती आणि त्याच्या अभ्यासाचा पहिला नमुनाही तीच होती. पुस्तकांत नाव त्याचं आलं, त्याचा मान मोठाच आहे. पण ही गोष्ट सांगताना मी अँड्रोमाकीचं नाव गाळत नाही, तुम्हीही गाळू नका.

पुढं न्यूयॉर्कच्या बायकांच्या रुग्णालयातले नमुने बघताना एके दिवशी त्याला भलत्याच पेशी दिसल्या. केंद्रकं अवाढव्य, काळपट, वेडीवाकडी. त्या बाईला गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होता. चाकू न लावता, तुकडा न काढता नुसत्या गळालेल्या पेशींत कर्करोग ओळखता येतो, हे त्याने १९२८ मध्ये एका परिषदेत मांडलं. त्याच सुमाराला रुमानियात आउरेल बाबेश हा डॉक्टरही स्वतंत्रपणे तिथंच पोचला होता. दोघांकडेही तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. तुकडा काढून तपासायची रीत असताना सुट्या पेशींवर विश्वास कसा ठेवायचा, असं जाणत्या डॉक्टरांना वाटलं. पापानिकोलाऊने काम सोडलं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउटला सोबत घेऊन पुष्कळ नमुने बघितले आणि १९४३ मध्ये दोघांचं पुस्तक निघालं. तेव्हा कुठं जगाने ऐकलं. ‘पॅप टेस्ट’ म्हणतात ती हीच. पॅप म्हणजे पापानिकोलाऊ.

आता तुम्ही विचाराल, की ह्यात अवघड ते काय? पेशी घ्यायच्या, काचेवर पसरायच्या, बघायच्या. अवघड आहे ती गर्दी. गर्भाशयाच्या तोंडाशी ब्रश फिरवला की त्यावर काय काय येतं बघा. अस्तराच्या हजारो निरोगी पेशी, चिकट शेंबूड, रक्त, दाह असेल तर पांढऱ्या पेशींचे ढीग, वर जंतू. त्यात बिघडलेल्या पेशी असल्या तर मूठभर. कधी त्याही नाहीत. जुन्या रीतीत लाकडी पट्टीने घेतलेलं सगळं तसंच काचेवर फासायचे आणि लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायचे. हात जरा उशिरा पोचला की पेशी हवेने सुकून बिघडायच्या. रक्त जास्त असलं की त्याखाली पेशी झाकून जायच्या. शिवाय निम्म्याहून अधिक नमुना त्या पट्टीलाच चिकटून कचऱ्यात जायचा. जी पेशी बघायची तीच कचऱ्यात गेली असेल तर बिचारा तपासणारा काय बघणार?

म्हणून १९९० नंतर नवी रीत आली. ब्रश काचेवर फासायचाच नाही. तो अल्कोहोलयुक्त द्रवाच्या बाटलीत खळखळून धुवायचा, किंवा त्याचं टोकच बाटलीत टाकून द्यायचं. त्या द्रवात पेशी आहेत तशा टिकतात, त्यामुळे खेड्यात घेतलेला नमुना सावकाश शहरात पोचला तरी चालतो. प्रयोगशाळेत बाटली आली की आधी ती यंत्रावर जोरजोरात हलवतात, म्हणजे शेंबडाच्या गाठी सुटतात. मग एका नळीत खाली घट्ट, वजनदार द्रव भरतात, त्यावर हा नमुना अलगद सोडतात आणि नळी यंत्रात गरागरा फिरवतात. आजी सुपात धान्य पाखडते तेव्हा फोल वाऱ्यावर जातं आणि दाणा सुपात राहतो ना, तोच हा न्याय. फरक एवढाच, की इथं वाऱ्याचं काम फिरण्याचा वेग आणि तो घट्ट द्रव करतो. रक्त, चुरा, बारीक पांढऱ्या पेशी वरच अडतात. अस्तराच्या जड पेशी आणि पेशींचे पुंजके तो थर भेदून तळाशी जातात. वरचं ओतून टाकायचं, तळाचं पुन्हा फिरवायचं आणि त्यातला थेंब काचपट्टीवर सोडायचा. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान गोलात एकेक पेशी सुटी, नितळ दिसते. दुसऱ्या एका यंत्रात हेच काम बारीक छिद्रांचा पडदा करतो. द्रव पलीकडे ओढला जातो, पेशी पडद्याला चिकटतात आणि पडदा काचेवर टेकवला की त्या काचेवर उतरतात. नमुना फारच रक्ताळलेला असला तर आधी सौम्य अॅसेटिक आम्लाने धुऊन तांबड्या पेशी फोडून टाकतात.

मग रंग. ह्या रंगांची मला लहानपणापासून नवलाई आहे. केंद्रक रंगवणारा हिमॅटोक्सिलिन निघतो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडाच्या गाभ्यातून. त्याने केंद्रक निळं-जांभळं होतं. पुढचे दोन रंग पेशीचं अंग रंगवतात. वरच्या थरातली पिकलेली पेशी गुलाबी, मधल्या थरातली निळसर हिरवी, आणि जिच्यात केराटिन साठलंय ती नारिंगी. एका पट्टीवर हे सगळं शेजारी शेजारी. निरोगी पेशी साधारण पन्नास मायक्रॉन रुंद, म्हणजे अशा वीस पेशी ओळीने ठेवल्या तर एक मिलिमीटर भरेल. तिच्या मध्यावर आठ-एक मायक्रॉनचं छोटंसं केंद्रक. भोवती ऐसपैस जागा. बिघडू लागलेली पेशी बघा: केंद्रक फुगलेलं, भोवतीची जागा आटलेली. पूर्ण बिघडली की पेशी आकाराने लहान आणि आत जवळजवळ केंद्रकच केंद्रक, कडा खडबडीत, आतला मजकूर गडद आणि ओबडधोबड.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. कर्करोगाच्या पेशीला वेगळा रंग चढत नाही. यंत्र पेशी निवडून देतं, झाडाचं लाकूड रंग देतं, पण ‘ही ती’ असं म्हणायला माणसाचा डोळा लागतो. नमुना पुरेसा धरायला पट्टीवर निदान पाच हजार पेशी लागतात, आणि तपासणारी बाई किंवा बाप्या ती पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीओळीने बघतो. दिवसभर. त्यांतल्या बहुतेक पट्ट्यांत काही नसतं आणि तरीही पुढच्या पट्टीवर तितकंच लक्ष द्यायचं असतं. दवाखान्यात ह्या लोकांचा चेहरा रोग्याला कधी दिसत नाही. त्यांचं काम किती मोठं आहे हे तरी लोकांना कळायला हवं.

अंडाशयाच्या कर्करोगात गर्दी आणखी मोठी. तो पोटात लपून वाढतो आणि पुष्कळदा पोटात पाणी होतं, कधी काही लिटर. ते सुईने काढून प्रयोगशाळेत आणतात. फिरवून गाळ खाली बसवायचा, गाळातून काचपट्ट्या करायच्या, आणि उरलेला गाळ घट्ट करून, मेणात बसवून, त्याचे पातळ काप काढायचे. इथं फसवणारी एक पेशी असते. पोटाच्या आतल्या अस्तराच्या निरोगी पेशी पाण्यात सुटल्या की फुगतात, पुंजके करतात आणि थेट कर्करोगासारख्या भासतात. तिथं नुसता डोळा पुरत नाही. मग प्रतिपिंडं वापरतात. एक प्रतिपिंड फक्त अस्तराच्या पेशीतल्या कॅलरेटिनिन ह्या प्रथिनाला धरतं, दुसरं कर्करोगाच्या पेशींच्या अंगावरच्या एपकॅमला. कोण कुठल्या घरचं, ते असं कळतं.

हीच युक्ती आणखी पुढं नेली की पेशी नुसती ओळखताच येत नाही, तर वेगळीही काढता येते. लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म मणी घ्यायचे, त्यांच्यावर एपकॅमचं प्रतिपिंड चिकटवायचं आणि ते त्या पाण्यात सोडायचे. मणी कर्करोगाच्या पेशींना जाऊन धरतात. नळीच्या बाहेरून लोहचुंबक लावला की मण्यांसकट पेशी काचेच्या भिंतीला खिळून राहतात, बाकीचं पाणी ओतून द्यायचं. चुंबक काढला की निवडलेल्या पेशी हाती. मुक्तपणे तरंगणाऱ्या लाखो पेशींतून हव्या त्या पेशी अशा काढता येतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होतो.

आता वेगळी काढलेली पेशी जिवंत ठेवायची, वाढवायची. इथं आपल्या पुण्याची एक मुलगी गोष्टीत येते. कमल समर्थ, जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक, शाळा हुजूरपागा. लग्नानंतरच्या कमल रणदिवे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि मग शिष्यवृत्तीवर अमेरिकेला, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय ह्यांच्याकडे पेशी वाढवण्याचं तंत्र शिकायला गेल्या. शिकून तिथंच राहिल्या नाहीत. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

ज्या गाय ह्यांच्याकडे कमलताई शिकल्या, त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ च्या फेब्रुवारीत गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचा एक तुकडा आला. बाईचं नाव हेन्रिएटा लॅक्स, वय ३०, कृष्णवर्णी, पाच लेकरांची आई. तोवर माणसाच्या पेशी काचेत काही दिवस जगून मरायच्या. ह्या मेल्या नाहीत. दिवसात दुप्पट होत राहिल्या. हेन्रिएटाबाई त्याच वर्षी ऑक्टोबरात गेल्या. पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत, पोलिओच्या लशीपासून कितीतरी शोधांना त्यांनी हात दिला. पण पोरांनो, तो तुकडा घेताना त्या माउलीला कोणी विचारलं नव्हतं. घरच्यांना कळलं ते वीसेक वर्षांनी. विज्ञान मोठं म्हणून ही चूक लहान होत नाही. आज नमुना घेताना संमतीचा कागद पुढं येतो, तो अशा अनुभवांतून आलेला आहे.

धाकटी विचारते, अशी न मरणारी पेशी आपल्याकडे आहे का? आहे, आपल्या गल्लीत. भटक्या कुत्र्यांना जननेंद्रियांवर एक फुलकोबीवजा गाठ येते. ती काचपट्टीवर दाबून रंगवली की गोल पेशी आणि त्यांच्यात स्वच्छ पोकळ्या दिसतात. पशुवैद्य एका नजरेत ओळखतात. नवल पुढंच आहे. त्या पेशी त्या कुत्र्याच्या नसतातच. हजारो वर्षांपूर्वी कोणा एका कुत्र्याच्या अंगात बिघडलेली पेशी संबंधातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जात जात आजवर जिवंत आहे. मूळ जनावर कधीच मातीला मिळालं. आणि तिच्यावरचं औषध व्हिन्क्रिस्टिन, ते मिळतं सदाफुलीपासून. आपल्या कुंडीतल्या.

आता ह्या सगळ्या तपासाचा कळीचा धागा. गर्भाशयाच्या तोंडाची पेशी बिघडतेच का? जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउसेन ह्यांनी १९८३-८४ च्या सुमारास कर्करोगाच्या नमुन्यांत एचपीव्ही ह्या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधले. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हेन्रिएटाबाईंच्या पेशींतही १८ क्रमांकाचा विषाणू बसलेला निघाला. हा विषाणू संबंधांतून पसरतो, अगदी सर्रास आढळतो, आणि बहुतेक बायकांचं शरीर वर्षा-दोन वर्षांत तो आपसूक घालवतं. तेव्हा तो निघाला म्हणून कोणी कोणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवू नये. थोड्या जणींत तो मुक्काम ठोकतो, पेशीला वाढ थांबवायला सांगणारी प्रथिनं निकामी करतो, आणि मग दहा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. दहा-वीस वर्षं! निसर्गाने एवढी सवड दुसऱ्या फार थोड्या कर्करोगांत दिली आहे.

ती सवड कशी वापरायची, हे जगाला दाखवलं आपल्या मराठवाड्यातल्या बायकांनी. उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. १९९९ पासून बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. बार्शीचे डॉ. बी. एम. नेने, मुंबईचे डॉ. सुरेंद्र शास्त्री, फ्रान्समधून डॉ. शंकरनारायणन. गावांचे ५२ गट पाडले. काहींत पॅप तपासणी, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघणं, काहींत एचपीव्हीची तपासणी, आणि काही गटांत नेहमीचेच उपचार. तपासणी आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी हिशेब झाला. नेहमीच्या उपचारांच्या गटात ह्या कर्करोगाने ६४ बायका गेल्या, एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. दोन्ही गट साधारण सारखेच मोठे. बाकीच्या दोन रीतींनी आठ वर्षांत मृत्यूंत म्हणावा तसा फरक पडला नाही. २००९ मध्ये हे छापून आलं आणि जगभरच्या तपासणीची दिशा बदलली. एका गटाला तपासणीच दिली नाही, ह्यावर पुढं टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. त्या ६४ जणींचं ऋण ह्या ज्ञानावर आहे.

मग पेशी शोधायची विद्या वाया गेली का? मुळीच नाही. विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला असं नसतं. ज्यांच्यात तो सापडतो त्यांतल्या कोणाच्या पेशी खरंच बिघडल्यात, हे बघायला पुन्हा तीच बाटली, तीच काचपट्टी, तोच डोळा लागतो. द्रवाच्या बाटलीतल्या एकाच नमुन्यातून दोन्ही तपासण्या होतात. आणि एचपीव्हीसाठीचा नमुना तर आता बाई स्वतःच्या हाताने, आडोशाला जाऊन घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने ह्या रीतीला मान्यता दिली आहे.

थोरली, तू आता चौदाची होशील. ह्या विषाणूवर लस आहे, नऊ ते चौदा वयात सर्वांत चांगली लागू पडते, आणि त्यांतली एक, सर्व्हाव्हॅक, आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केली आहे. तुझ्या आईशी मी बोलणार आहे.

आपल्या तालुक्यातलंच नायगाव सावित्रीबाईंचं. तिथल्या आणि इथल्या लेकीबाळींनी अंगावरून जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, संबंधांनंतर रक्त जाणं, हे पदराआड दडवून ठेवायचं काही कारण उरलेलं नाही. सरकारी दवाखान्यांत तीस वर्षांवरच्या बायकांसाठी गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीचा कार्यक्रम आहे. तुमच्या आईला, मावशीला, आत्याला विचारा, तपासणी झाली का म्हणून. लाजू नका. नसेल झाली तर आशाताईंना गाठा, दिवस ठरवा आणि त्यांच्याबरोबर जा. त्रास काही होत नसतानाच जायचं आहे.